म्हाताऱ्या कुत्र्याचे शेवटचे दिवस

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळ्यात ओसरीच्या ओल्या फरशीवर पडून म्हाताऱ्या कुत्र्याचे दुखरे सांधे आणखी आखडतात. खाली सुकं गोणपाट, वर गोधडी घाला. ओली झाली की लगेच बदला. उठता येत नसेल तर दर दोन-चार तासांनी कूस पालटा. नाहीतर कोपर-खुब्यावर जखम होते आणि या दिवसांत माशी बसून तिच्यात बघता बघता किडे पडतात. घरातली दुखण्यावरची गोळी मात्र कधीच देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

अन्न सुटलं, वेदना औषधानेही आटोक्यात येईना, तर पशुवैद्यकाशी दयामरणाबद्दल मोकळेपणाने बोला. आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, लघवी सुटू शकते. घरच्यांना हे आधी सांगावं.

पुरायचा खड्डा विहिरीपासून लांब, ३-४ फूट खोल हवा. जांभ्यात खणायला वेळ लागतो, गडी आधीच सांगून ठेवा. वर चिरे रचा, कोल्हे उकरतात. आणि शरीरात ते औषध असल्याने खाणारा प्राणीही दगावू शकतो.

– एक वाचक, गुहागर