सूचना : जुनी गाडी घेणाऱ्या सभासदांसाठी
सभासदहो, गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणालाही टोकन पाठवू नका. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणून कोणी घाई करत असेल, तर खुशाल त्यालाच घेऊ द्या. हल्लीच्या गाड्यांचा चासी नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, अक्षरं-आकडे मिळून 17 चिन्हांचा असतो. कागदावरचा आणि गाडीवर कोरलेला स्वतः ताडून पाहा. त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. मीटरवर तर अजिबात जाऊ नका, तो मागे फिरवता येतो. पेडलचं रबर झिजून गुळगुळीत आणि मीटर म्हणतो गाडी जेमतेम चाललीय, तर काय ते समजा! सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाचे डाग दिसले तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल, तर ते फिटल्याचा दाखला हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.