बाबा, ती चक्कर नव्हती

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा मावशीचा फोन आला होता. "बाबांना चक्कर आली होती म्हणे?" असं तिने विचारलं आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून मनाला खातंय. ती चक्कर नव्हती हे आपल्या तिघांनाही माहीत आहे. पक्षाघातानंतर मेंदूवर जो व्रण राहिला, तिथून हे झटके येतात, हे डॉक्टरांनी आपल्यासमोरच सांगितलं. घरी येताना गाडीत, बाबा, तुम्ही एवढंच म्हणालात, "बाहेर कुणाला सांगू नका." आणि रात्री आईला म्हणालात, "या वयात फेफरं! कुठलं पाप फेडायचं राहिलं होतं कोण जाणे."

समोर बसून बोलायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहायला बसले.

आधी त्या पापाचं. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये या आजाराला 'पवित्र रोग' म्हणत, म्हणजे देवाच्या कोपाने होणारा. हिपोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात तेव्हाच ठणकावून लिहिलंय, की हा रोग इतर रोगांपेक्षा जराही जास्त दैवी नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे. आपल्याकडचा 'अपस्मार' हा शब्दही बघा. स्मृती हरपणे, एवढाच त्याचा अर्थ. पाप त्यात कुठेच नाही. उतारवयात अपस्मार पहिल्यांदाच सुरू होणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि त्या वयात त्याचं सगळ्यात मोठं कारण पक्षाघातच असतं.

अमेरिकेतल्या हॅरिएट टबमनचं उदाहरण मला इथे आठवतं. गुलामगिरीत वाढलेली ही पोर. एका मुकादमाने दुसऱ्याच गुलामावर भिरकावलेलं दोन पौंडी वजन हिच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून बोलता बोलता तिची शुद्ध हरपायची. तो अपस्मारच असावा असं आजचे अनेक डॉक्टर मानतात. अशा अवस्थेत तिने सुमारे १३ खेपा करून ७० च्या आसपास माणसं गुलामगिरीतून बाहेर काढली. मार बसला मेंदूला, तिचं त्यात काय चुकलं? तसंच तुमचं, बाबा.

अशी नावं सांगायला लागलं की लोक ज्युलियस सीझरपासून सुरुवात करतात. त्याला झटके येत असं प्लुटार्क या प्राचीन चरित्रकाराने लिहिलंय, आजच्या काही अभ्यासकांना ते वेगळंच काही वाटतं. न्यूटन आणि मायकेलअँजेलोही अशा याद्यांत घुसडलेले असतात, पक्का पुरावा नसताना. तुम्हाला खोटा दिलासा मी देणार नाही. खात्रीची माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यातला एक तर तुमचा लाडका आहे.

टोनी ग्रेग! मुंबईच्या कसोटीत विश्वनाथचं शतक झाल्यावर त्याला तान्ह्या बाळासारखं हातांवर उचलून धरणारा साडेसहा फुटी ग्रेग. ही गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितली असेल! त्या ग्रेगला वयाच्या १४ व्या वर्षी टेनिस खेळताना पहिला झटका आला होता. औषधं घेत घेत तो ५८ कसोटी खेळला, इंग्लंडचा कप्तान झाला. खेळत होता तोवर ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. पुढे मात्र तो त्यावर उघडपणे बोलला. त्याची कॉमेंट्री तुम्ही वर्षानुवर्षं ऐकलीत. जॉन्टी ऱ्होड्सचंही तेच. ९२ च्या विश्वचषकात इंझमामला धावचीत करताना हवेत झेपावलेला तो पोरगाही अपस्मार घेऊनच वाढला होता.

पण या दिवसांत माझ्या डोक्यात सारखा घोळतोय तो एडवर्ड लिअर. लहान मुलांसाठी गमतीच्या कविता लिहिणारा, चित्रं काढणारा इंग्रज. १८४६ मध्ये राणी व्हिक्टोरियाला त्याने चित्रकला शिकवली. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्याला झटके येत. घरात इतकी भावंडं की त्याला थोरल्या बहिणीनेच, अ‍ॅनने, वाढवलं. आजाराला तो 'राक्षस' म्हणायचा. झटका येणार याची चाहूल लागली की माणसांतून उठून आपल्या खोलीत जायचा, आणि नंतर डायरीत त्या तारखेला एक फुली मारायचा. वर्षानुवर्षं अशा फुल्या. जन्मभर मित्रांचा गोतावळा होता, पण त्यांच्यापैकी जवळजवळ कुणाला कळू दिलं नाही. त्या फुल्यांबद्दल वाचताना, बाबा, मला तुमची बंद खोली दिसली. संध्याकाळचं फिरणं तुम्ही सोडलंत, मित्र आले तर "झोपलेत म्हणून सांग" म्हणता.

याच्या अगदी उलट रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की. ऑक्टोबर १८६६ मध्ये त्याला प्रकाशकाची मुदत गाठायची होती, म्हणून लघुलेखन करणारी एक मुलगी कामाला आली. अ‍ॅना, वय २०. पहिल्याच भेटीत त्याने तिला सांगून टाकलं, की मला अपस्मार आहे, नुकताच झटका येऊन गेला. ती चकित झाली. २६ दिवसांत कादंबरी तोंडी सांगून झाली, आणि पुढल्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं. आई, आता हे तुझ्यासाठी. लग्नाला काही दिवसच झाले होते. अ‍ॅनाच्या बहिणीच्या घरी तो रंगात येऊन बोलत होता आणि अचानक किंचाळून कोसळला. बहीण घाबरून गेली, मदतीला कुणी नाही. अ‍ॅना जमिनीवर बसली, त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि झटका ओसरेपर्यंत तशीच बसून राहिली. 'कारामाझोव बंधू' त्यानंतर १३ वर्षांनी पुरी झाली, १८८० मध्ये. झटके तेव्हाही येतच होते, आणि अ‍ॅनाही होतीच.

त्या दिवशी तुझी काय अवस्था झाली ते मी पाहिलंय, आई. बाबा पेपर वाचत होते. पान उलटताना हात मध्येच थांबला, नजर भिंतीपलीकडे लागली, उजव्या हाताची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करू लागली. मी दोनदा हाक मारली. मग ते खुर्चीतून एका अंगावर घसरले आणि तू चमचा घेऊन धावलीस. सगळं दोन मिनिटांत संपलं, मला मात्र तास गेल्यासारखा वाटला. चमच्यावर दाताची खूण उमटली आहे आणि बाबांच्या दाढेचा टवका उडाला. जीभ कुणी गिळत नाही, आई. तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाणी पाजायचं नाही. डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, जमेल तसं एका कुशीवर वळवायचं आणि वेळ बघायची. पाच मिनिटांवर गेलं, किंवा शुद्धीवर न येता दुसरा झटका आला, तर थेट रुग्णालय.

औषध मात्र एक दिवसही चुकवू नका, बाबा, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. योग्य औषधाने १० पैकी ७ जणांचे झटके पूर्ण थांबू शकतात. न्हाणीघराला आतून कडी लावू नका. उद्यापासून फिरायला जा, आणि बरोबरच्या दोघांना तरी नाव घेऊन सांगा: फीट येते, आली तर असं असं करा. मावशीला मी आज रात्री फोन करून खरं सांगणार आहे. रागावलात तरी चालेल.

मी रविवारी येतेय. आई, तो चमचा तू बाबांच्या उशाशी ठेवलेला मी पाहिलाय. तो स्वयंपाकघरात नेऊन ठेव, आणि त्याच्या जागी बाबांचं सेकंदकाट्याचं जुनं घड्याळ ठेव. बंद असेल तर सेल मी घेऊन येते.

तुमची,
धाकटी