मंजूर झालेली शिष्यवृत्ती खात्यात का येत नाही? बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब, बेळगाव,
स. न. वि. वि.

शिष्यवृत्तीची रक्कम वाढवा, ही मागणी मंत्र्यांकडे करायची. आपल्याकडचं काम वेगळं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कॉलेजच्या मुलांचे अर्ज पात्रतेपेक्षा नावाच्या स्पेलिंगवर आणि बँक खात्यावर जास्त अडकतात. जात-उत्पन्नाचे दाखले देणारी नाडकचेरी, आधार केंद्र आणि बँका यांना एका टेबलाशी आणणं जिल्ह्यात आपल्यालाच जमेल.

आधी नावाचं. राज्याच्या एसएसपी या शिष्यवृत्ती पोर्टलवर जात-उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर (दाखल्यावरचा क्रमांक) टाकला की माहिती नाडकचेरीच्या नोंदीतून येते. ती आधारशी आणि मार्क्स कार्डाशी जुळली पाहिजे. इथल्या मराठी घरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी. तिसरीकडे नुसती इनिशियल्स. चौगुले हे आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना एका कागदावर ‘ओयू’ने लिहिलं जातं, दुसऱ्यावर ‘एयू’ने. मुलगी तीच, पण संगणकाला दोघी दिसतात. दुरुस्त दाखला काढला की आरडी नंबर बदलतो, आणि अर्जात जुनाच राहिला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय उत्पन्नाचा दाखला पाच वर्षंच चालतो. दहावीच्या सुरुवातीला काढलेला ऐन डिग्रीच्या शेवटच्या वर्षी संपलेला असतो, आणि हे कळतं ते मुदतीच्या आठवड्यात. कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळीच दाखल्याची तारीख बघितली तर निम्मी धावपळ वाचेल.

खात्याचा घोळ याहून वाईट, कारण तो दिसत नाही. ‘आधार लिंक आहे’ असं काउंटरवर सांगतात ते बहुधा केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं खरं असतं. सरकारी पैसे जातात एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीनुसार, आणि त्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते: शेवटी जोडलेली. मुलाने अर्जाबरोबर गावातल्या बँकेचं पासबुक लावलेलं असतं. मध्यंतरी शिनोळीला कामाला लागताना पगारासाठी दुसरं खातं उघडून आधार दिलेलं असतं. पैसे तिकडे जातात. किंवा शाळेत असताना उघडलेलं खातं अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी न केल्याने बंद पडलेलं असतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, दोन मिनिटांत दिसतं, पण ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, आणि तो नंबर बऱ्याचदा वडिलांच्या बंद पडलेल्या सिमचा असतो. कणकुंबी-जांबोटीकडे रेंजचीही बोंब.

म्हणून विनंती अशी: अर्ज सुरू होण्याआधी प्रत्येक कॉलेजात एक दिवस आधार मशीन, नाडकचेरीचा कर्मचारी आणि बँकेचा माणूस एकत्र बसवा. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी शिबिरं घेऊन उपयोग नाही. आधारवरचं नाव बदललं की दाखला आणि बँक दोन्ही मागोमाग बदलावे लागतात.

आता कर्ज. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितलं आहे. तरी शाखेत पहिला प्रश्न ‘शेतीचा उतारा आहे का?’ हाच. अर्ज नाकारायचा तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीने नाकारावा, असं बँकांच्या संघटनेने शैक्षणिक कर्जासाठी आखलेल्या आदर्श योजनेतच आहे. प्रत्यक्षात नकार तोंडी मिळतो, म्हणून त्याची नोंदच होत नाही.

व्याजाचं गणित पालकांना कुणी मांडून दाखवत नाही. इंजिनीअरिंगसाठी दरवर्षी एक लाख, दहा टक्के सरळ व्याज धरा. चार वर्षं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष सवलतीचं: पहिल्या लाखावर ५०,०००, मग ४०,०००, ३०,०००, २०,०००. हप्ता सुरू होण्याआधीच १ लाख ४० हजार. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत हा बोजा उतरतो, मात्र कर्ज आदर्श योजनेखालीच दिलेलं हवं, अभ्यासक्रम व संस्था योजनेत बसणारी हवी आणि बँकेने वेळेत दावा घातला पाहिजे. शाखेने स्वतःची वेगळी कर्जयोजना गळ्यात मारली तर अनुदान गेलं. मंजुरीपत्रात योजनेचं नाव ठळक लिहा, एवढी सूचना आपण लीड बँक मॅनेजरमार्फत (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणारा अधिकारी) देऊ शकता.

भाषेबद्दल एकच. तालुक्यात १५ टक्के किंवा अधिक लोक अल्पसंख्य भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्याव्यात, ही केंद्राने ठरवलेली तरतूद आहे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत मराठी भाषिक याहून कितीतरी जास्त आहेत. निदान ‘अर्ज का परत आला’ हे कॉलेजच्या नोटीस बोर्डावर मराठीतही लागू द्या; कन्नड-इंग्रजीबरोबर, त्यांच्याऐवजी नव्हे.

आणि बँकांच्या पुढच्या जिल्हास्तरीय आढावा बैठकीत शाखानिहाय तीन आकडे मागा: किती कर्ज अर्ज आले, किती नाकारले, किती नकार लेखी दिले.

आपले,
सीमाभागात विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देणारे शिक्षक व कार्यकर्ते