सिग्माचे सूत्र आणि लूपची फेरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अकरावीला गणिताच्या तासाला बेरजेचे सिग्मा (Σ) चिन्ह शिकवले जाते आणि संगणकाच्या तासाला ‘फॉर’ लूप, म्हणजे एकच क्रिया ठरावीक वेळा पुन्हा करायला लावणारी आज्ञा. पण दोन्ही ठिकाणी क्रिया एकच आहे, हे बहुतेक विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही, असे माझे निरीक्षण आहे. सिग्माखालची संख्या ही लूपची सुरुवात, वरची संख्या हा शेवट आणि उजवीकडचे पद म्हणजे प्रत्येक फेरीत मिळवायची रक्कम. सूत्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे लूपपूर्वी बेरीज शून्य करणे. शिवाय पायथॉन या संगणकभाषेत लूपच्या फेऱ्यांचे आकडे देणारी रेंज(१, १००) ही ९९ वरच थांबते, त्यामुळे १ ते १०० ची बेरीज करताना शंभरावे पद गळून उत्तर ५०५० ऐवजी ४९५० येते.

अर्थात १ ते १०० च्या बेरजेसाठी लूप शिकवणे मला पटत नाही. एन(एन+१)/२ हे सूत्र हाताशी असताना शंभर फेऱ्या कशासाठी? त्यापेक्षा चौदाव्या शतकातील केरळचे गणिती माधव यांच्या नावाने ओळखली जाणारी १ − १/३ + १/५ − १/७ … ही श्रेणी घ्यावी, जिची बेरीज ‘पाय’चा (π) चौथा हिस्सा आहे. सूत्र जसेच्या तसे उतरवणारे विद्यार्थी येथे प्रत्येक फेरीत उणे एकचा घात काढत बसतात. वास्तविक चिन्हासाठी एक चल ठेवून ते दर फेरीला उलटवले की भागते.

खरी मौज पुढे आहे. सूत्रात ‘अनंत’ लिहिता येते, लूपला मात्र कुठेतरी थांबावेच लागते. हजार पदांची बेरीज चौपट केली, तर ३.१४०५९२… मिळते, म्हणजे जेमतेम दोन दशांश स्थळे बरोबर. थांबल्यानंतर उरलेल्या पदांची भरपाई कशी करायची, याचा विचार माधवांच्या परंपरेतच झालेला आहे : सम संख्येइतकी, म्हणजे एन, पदे घेतल्यास बेरजेत १/(४एन) मिळवावे. चौपटीत ही दुरुस्ती ०.००१ होते आणि उत्तर ३.१४१५९२६५३८… येते, नऊ दशांश स्थळे बरोबर! तेवढी अचूकता निव्वळ फेऱ्या वाढवून मिळवायची, तर त्या अब्जावधी लागतील.

बालभारतीने श्रेणींच्या प्रकरणाअखेरीस असे दोन-तीन स्वाध्याय द्यावेत आणि त्यांत उत्तराबरोबरच लूप कोणत्या पदावर व का थांबवला, हेही विचारावे, अशी विनंती आहे.

आपला,
गणिताचा एक शिक्षक, सातारा