चौकशीच्या टेबलावर आमच्या बाजूने बसणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे, कारण ज्या कामाबद्दल आपले आभार मानायचे आहेत ते बंद खोलीत, चौकशी अधिकाऱ्यासमोर चालते आणि ते करणाऱ्याचे नाव वेतनकराराच्या बातमीत किंवा गेटवरच्या फलकावर कधी येत नाही. शिस्तभंगाच्या चौकशीत कामगाराची बाजू मांडणारे बचाव प्रतिनिधी म्हणून आपण इतकी वर्षे जे केले, ते युनियनच्या नव्या सभासदांना ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

वेल्डिंग विभागातल्या आपल्या सहकाऱ्याची चौकशी मला सर्वांत जास्त आठवते. वडिलांचे डायलिसिस सुरू असताना त्याचे खाडे वाढत गेले आणि एके दिवशी, आधी काहीही लेखी न देता, थेट चार्जशीट आणि चौकशी संपेपर्यंतच्या निलंबनाचा आदेश त्याच्या हातात पडला. रजा मंजूर नसताना सवयीने गैरहजर राहणे हे आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्ती आणि शिस्तीच्या सरकारी नमुना नियमांनुसार, गैरवर्तनच होते, त्यामुळे आरोप खोटा आहे असे आपण एकदाही म्हटले नाही. आपण फक्त त्याची पर्सनल फाइल चौकशीच्या कागदपत्रांत दाखल करून घेतली आणि मॅनेजमेंटच्या साक्षीदाराला उलटतपासणीत साधे प्रश्न विचारले: पहिल्या काही खाड्यांनंतर या कामगाराला कोणी बोलावून कारण विचारले का, त्याला ताकीद पत्र दिले का, दिले असेल तर त्याची पोच कुठे आहे, आणि सुधारण्यासाठी त्याला किती अवधी मिळाला? सुपरवायझरने तोंडी समज दिली होती, एवढेच उत्तर आले आणि त्या समजेची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये सापडली नाही. ज्या वागण्याकडे कोणी वेळेवर लक्षही वेधले नाही, त्याला ‘सवय’ ठरवून माणसाची नोकरी घेता येणार नाही, हे आपले म्हणणे चौकशीच्या कामकाजात शब्दशः नोंदले गेले.

महाराष्ट्रातल्या या आदर्श स्थायी आदेशांत शिक्षेचे प्रकार चढत्या क्रमाने दिलेले होते: ताकीद, वेतन प्रदान कायद्याच्या मर्यादेतला दंड, जास्तीत जास्त चार दिवसांचे निलंबन आणि शेवटी बडतर्फी. शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचे गांभीर्य, कामगाराची पूर्वीची नोंद आणि इतर परिस्थिती विचारात घ्यावी, असेही तिथेच लिहिलेले होते. आमच्यापैकी बहुतेकांनी त्या आदेशांचे पुस्तक कधी उघडले नव्हते. आपण ते कलमे अधोरेखित करून प्रत्येक विभागात फिरवलेत. अखेर त्या सहकाऱ्याला बडतर्फीऐवजी चार दिवसांच्या निलंबनाची शिक्षा झाली आणि तो पुन्हा कामावर आला. त्याआधी चौकशी लांबली तेव्हा, निलंबनाच्या काळात पगाराऐवजी मिळणारा निर्वाह भत्ता पहिल्या ९० दिवसांनंतर पगाराच्या निम्म्यावरून ७५ टक्क्यांवर नेण्यासाठी आपण जो पाठपुरावा केलात, त्यावर त्या घरातले औषधपाणी चालले, हे त्याच्या आईने मला स्वतः सांगितले आहे.

आपण आमच्यापासून अडचणीचे काही लपवले नाही, याबद्दलची कृतज्ञता मात्र मला याहून अधिक वाटते. प्रतिनिधींच्या अभ्यासवर्गात आपण सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एकापाठोपाठ एक समजावून दिलेत. कलर-केम कंपनीच्या १९९८ च्या निकालात रात्रपाळीत यंत्र चालू असताना झोपलेल्या कामगारांची बडतर्फी होती. झोपणे हे गंभीर गैरवर्तन आहे असे मान्य करूनही न्यायालयाने ती शिक्षा धक्कादायकरीत्या अवाजवी मानली आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली ती अशी प्रथा ठरवली. भारत फोर्जच्या २००५ च्या निकालात आरोप झोपण्याचाच होता, पण तो कामगार चौथ्यांदा सापडला होता आणि आधीच्या तिन्ही वेळी त्याला किरकोळ शिक्षा देऊन सोडले होते. तिथे बडतर्फी कायम राहिली. पहिला निकाल ऐकून आम्ही खूश झालो होतो आणि दुसरा वाचू नये असे आमच्यातल्या काहींनी सुचवलेही होते. आपण तो पूर्ण वाचलात आणि सांगितलेत की ताकीद पत्राची पोच देताना कामगाराने ते नीट वाचावे, खुलासा लेखी द्यावा आणि आपली फाइल आपल्याविरुद्ध तयार होत असेल तर ते सर्वांत आधी युनियनला कळवावे. चौकशी संपल्यावर आपण त्या वेल्डर सहकाऱ्याला बाजूला बसवून रजेचे अर्ज कसे करायचे, वैद्यकीय कागद कुठे लावायचे, हे शिकवले, तेही मी पाहिले आहे. शिस्तीचा प्रश्न चौकशीच्या खोलीत येण्याआधीच सुटावा, यासाठी एवढी मेहनत करणारा दुसरा प्रतिनिधी मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या युनियनच्या एका सभासदाला चौकशीत कोणी वाली नव्हता, तेव्हाही त्याच्या विनंतीवरून आपण गेलात. त्या वेळी आमच्याच कमिटीत नाराजी झाली होती. आपण ती शांतपणे ऐकून घेतलीत आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर चौकशीला हजर राहिलात.

अण्णा, नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्यातले स्थायी आदेशांचे प्रकरण ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. आपल्या कारखान्यात तेवढे कामगार नाहीत, त्यामुळे ते प्रकरण आपल्याला लागू होत नाही. हे आपण फार आधी ओळखले होते, म्हणूनच तोंडी समज, लेखी ताकीद, चार दिवसांपर्यंतचे निलंबन आणि त्यानंतरच बडतर्फीचा विचार, हा क्रम थेट करारात लिहून घ्या असा आग्रह आपण धरलात. दोन वर्षे पुन्हा चूक झाली नाही तर जुनी ताकीद शिक्षेसाठी विचारात घेऊ नये, हे कलमही आपणच सुचवले होते. दोन्ही कलमांसह या वेळच्या करारावर सह्या झाल्या आहेत. कराराची एक प्रत या पत्रासोबत आपल्या घरी पाठवत आहे.

आपला नम्र,
संयुक्त चिटणीस, कामगार युनियन