‘रिस्टोअर’ केला म्हणजे नेमके काय केले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या जाहिरातींत ‘रिस्टोअर केलेला पियानो विकणे आहे’ असा मजकूर येतो आणि सोबत काळ्या चकचकीत पॉलिशचा फोटो. मुलाला पियानो शिकवू पाहणारे पालक या किमतीशी नव्या पियानोची किंमत ताडून बघतात आणि जुना स्वस्त, शिवाय दणकट, म्हणून पसंत करतात. जुन्या पियानोला आमचा विरोध नाही. नीट बांधून काढलेला जुना पियानो तेवढ्याच पैशातल्या नव्यापेक्षा पुष्कळदा सरस निघतो. हरकत आहे ती ‘रिस्टोअर’ या शब्दाला, कारण त्याला ठरलेला अर्थच नाही. कॅबिनेट घासून पॉलिश केले आणि पट्ट्यांवर नवे प्लास्टिक चिकटवले, तरी तो रिस्टोअर. तारा, खुंट्या, हातोड्या सगळे काढून नवे घातले, तरीही रिस्टोअरच. पहिल्या कामाला चार दिवस पुरतात, दुसऱ्याला महिने लागतात.

व्हायोलिन वय वाढेल तसे मुरते, असे मानतात. तीच समजूत पियानोला लावली जाते आणि तिथेच गफलत होते. पियानोत सुमारे 230 तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण 18 ते 20 टनांच्या घरात जातो. कुणी वाजवो न वाजवो, हा ताण रात्रंदिवस असतो. बिडाची चौकट तो झेलते, पण खुंट्या धरून ठेवणारा ठोकळा लाकडाचा, तारांचा आवाज घुमवणारी फळी, म्हणजे साउंडबोर्ड, लाकडाची आणि तारांवर आपटणारी हातोडी फेल्टची (दाबून घट्ट केलेल्या लोकरीची). पावसाळी हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि अशा शेकडो फेऱ्यांनंतर ते थकते. फेल्ट कडक होते, त्याला कसर लागते. म्हणून जुन्या पियानोचे वय महत्त्वाचे नाही असे कुणी सांगितले तर ऐकू नये. लोखंडी चौकटीवर, बहुधा खुंट्यांच्या आसपास, सिरीयल नंबर असतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या नंबरांवरून बांधणीचे वर्ष सांगणाऱ्या याद्या छापलेल्या आहेत. पाच मिनिटांचे काम आहे.

सगळ्यात आधी पाहायचा तो हा खुंट्यांचा ठोकळा, म्हणजे पिनब्लॉक. लाकडाचे थर एकमेकांवर चिकटवून तो केलेला असतो आणि खुंटी त्यात केवळ घर्षणावर घट्ट बसते. ती पकड गेली की आज लावलेला सूर आठवड्यात उतरतो आणि सूर लावणारा, म्हणजे ट्यूनर, कितीही चांगला आणला तरी उपयोग होत नाही. वरची फळी उघडून टॉर्च मारा. खुंटीवरचे तारेचे वेटोळे चौकटीला जवळजवळ टेकले असेल, तर सैल झालेली खुंटी पूर्वी ठोकून आत घातली आहे. खुंट्यांभोवती काळपट, तेलकट डाग दिसले, तर लाकूड फुगवण्यासाठी द्रावण ओतलेले असण्याचा दाट संशय घ्यावा. काही काळ पकड येते, पुढे लाकूड आणखी बिघडते. चार खुंट्या निळसर आणि बाकीच्या चंदेरी असतील तर त्या चारच का बदलल्या, ते विचारा. खरी दुरुस्ती म्हणजे एक नंबर जाड खुंट्या (दर नंबरामागे व्यास साधारण 0.1 मिलिमीटरने वाढतो) किंवा नवा पिनब्लॉक. थर सुटलेल्या ठोकळ्यात जाड खुंटी ठोकली तर चीर रुंदावतेच. पातळ सायनोअॅक्रिलेट गोंद सोडून पकड वाढवण्याचा उपायही चालतो आणि कमी किमतीच्या पियानोला तो वाईट नाही, पण विकताना तसे सांगायला हवे.

दुसरी तपासणी सुराची. मधल्या सी पट्टीच्या वरचा ए स्वर 440 हर्ट्झला लागतो का, ते फोनवरच्या ट्यूनर ॲपने बघा. ‘घरी पोचल्यावर लावून देऊ’ या आश्वासनावर व्यवहार करू नये. पियानो अर्धा स्वर उतरलेला असेल तर तो ए 415च्या आसपास दाखवेल. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 415वरून 440वर आणायचे तर ताण जवळजवळ 12 टक्के वाढवावा लागतो, म्हणजे एकूण सुमारे दोन टन. गंजलेल्या तारा इथेच तुटतात. तुटल्या नाहीत तरी एका बैठकीत सूर टिकत नाही. आधी कच्चा, मग पक्का असा दोनदा लावावा लागतो आणि काही महिन्यांत परत. पियानो विकत घेण्यापूर्वीच 440वर असला पाहिजे, आणि लावून दोन आठवडे झाल्यावर तो पुन्हा ऐकावा.

साउंडबोर्डला चीर दिसली की लोक घाबरतात. तेवढ्याने पियानो बाद होत नाही. मागच्या आडव्या लाकडी पट्ट्यांपासून ही फळी सुटली असेल तरच झणझण ऐकू येते, आणि तीही चिकटवता येते. अधिक गंभीर आहे तो फळीचा मूळचा हलका उंचवटा जाणे. मधल्या सीपासून दीड ते अडीच सप्तके वरच्या पट्ट्या एकेक दाबून धरा. स्वर ठक्‌ करून लगेच विझत असेल, तर पॉलिशकडे पाहूसुद्धा नका. साउंडबोर्डवर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर खिळ्यांच्या ओळीने बारीक तडे गेले आहेत का तेही बघा. खिळा सैल झाला की एकट्या तारेतूनही सूर लाटांसारखा हेलकावतो आणि ते ट्यूनिंगने जात नाही. खर्जाच्या तांबे गुंडाळलेल्या तारा बद्द वाजत असतील तर त्या संचानेच बदलाव्या लागतील, हे किमतीत धरा.

ॲक्शनचे, म्हणजे पट्टी दाबल्यावर हातोडी उडवणाऱ्या यंत्रणेचे, दोष बहुतेक दुरुस्त होतात, फक्त खर्च होतो. हातोड्यांवर तारांच्या खोल चरा पडल्या असतील तर फेल्ट घासून आकार देता येतो. मात्र वरच्या सप्तकात फेल्ट लाकडापर्यंत झिजले असेल तर नवा संच हवा. डँपरचा (पट्टी सोडल्यावर तारेचा आवाज थांबवणाऱ्या गादीचा) पेडल दाबून पट्टीच्या टोकाशी 50 ग्रॅमचे वजन ठेवा, पट्टी सावकाश खाली जायला हवी. नव्या हातोड्या मूळच्यापेक्षा जड बसवल्या असतील तर 60-65 ग्रॅमशिवाय पट्टी हलत नाही आणि शिकणाऱ्याचे मनगट अवघडते.

आता नव्याबद्दल. नवा म्हणजे निर्धास्त, असे नाही. स्वस्त नवे उभे पियानो 108-110 सेंटिमीटर उंचीचे असतात. खर्जाच्या तारा आखूड, म्हणून खालचे सप्तक गढूळ. 121 किंवा 131 सेंटिमीटरचा, यामाहाच्या यू1 किंवा यू3 सारखा, नीट बांधून काढलेला जुना पियानो इथे सरळ जिंकतो. 150 सेंटिमीटरच्या आतला बेबी ग्रँड फक्त रूपासाठी घेऊ नये. त्याच्या खर्जाच्या तारा उंच उभ्या पियानोपेक्षा लांब नसतात. साउंडबोर्ड अखंड स्प्रूस लाकडाचा की प्लायवर स्प्रूसचा पातळ थर, हे लेखी विचारा. झाकणावरचे नाव पाहून भुलू नका: रिटम्युलर हे जुने जर्मन नाव आज पर्ल रिव्हर या चिनी कंपनीकडे आहे. पियानो वाईट असतो असे नव्हे, पण नावाच्या इतिहासाचे पैसे मोजायचे कारण नाही. शिवाय नव्या तारा पहिल्या वर्षी ताणल्या जातात, त्यामुळे त्या वर्षात तीन-चार ट्यूनिंग आणि फेल्ट बसल्यावर एकदा रेग्युलेशन, म्हणजे ॲक्शनची जुळवणी, लागतेच. सगळ्या तारा बदललेल्या जुन्या पियानोलाही हेच लागू.

एका प्रकाराला मात्र आमचे स्पष्ट ‘नाही’ आहे: खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या न जाता सगळ्या सरळ उभ्या असलेला, आणि डँपर हातोड्यांच्या वर, डँपर हलवणाऱ्या तारांच्या पिंजऱ्यामागे बसवलेला फार जुना उभा पियानो. त्यात पट्टी सोडल्यावरही आवाज नीट थांबत नाही. घरात शोभेला ठेवा, मुलाला शिकायला नको.

आपणाला विनंती एवढीच, की अशी जाहिरात घेताना सिरीयल नंबर, उंची, आणि पिनब्लॉक, तारा, खुंट्या, हातोड्या यांपैकी काय नवे घातले, हे छापण्याचा आग्रह धरावा. दोन ओळींत मावते. जो विक्रेता एवढे लिहून देत नाही, त्याचा पियानो वाचकांनी स्वतंत्र ट्यूनरला दाखवल्याशिवाय घरी आणू नये. तपासणीचे पैसे विक्रेत्याकडून घेणारा ट्यूनर यासाठी चालणार नाही.

आपले,
पियानो लावणारे व दुरुस्त करणारे काही वाचक