गुरुवारपर्यंत

धनकवडी, पुणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग मी "काही नाही रे, चाललंय" म्हणून मोकळा होतो. म्हणून हे पत्र.

महिन्यापूर्वी पद्मावतीच्या स्टॉपवर उतरून घरी निघालो होतो. मागून एक शाळकरी पोरगी पळत आली. "काका, तुमची चप्पल!" डाव्या पायातली केव्हा निसटली कोण जाणे, मी वीसेक पावलं तसाच पुढे गेलो होतो. भर दुपारची वेळ, फुटपाथ तापलेला, तरी पत्ता नाही. हसून चप्पल घेतली, पण घरी येईपर्यंत तोंडाला कोरड पडली होती. पुढच्या आठवड्यात डाव्या हाताची बोटं. शर्टाची बटणं आता बघून लावावी लागतात. मापं घ्यायचा व्हर्नियर उजव्या हातात धरतो म्हणून कंपनीत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

न्यूरोच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न काय विचारावा? "चप्पल निसटली तर कळतं का?" दुसरा, "बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का?" मी गारच पडलो. म्हणजे हे इतक्या लोकांना होतं, की त्याचे प्रश्नसुद्धा ठरलेले आहेत! खोटं कशाला सांगू, तेवढ्यानेच जरा धीर आला. मग हातोडी झाली, तळव्यावर चक्क किल्लीने रेघ ओढून झाली. शेवटी तो झणझणणारा धातूचा चिमटा घोट्याच्या हाडावर टेकवून म्हणाले, "थरथर थांबली की सांगा." उजव्या घोट्यावर बराच वेळ जाणवत होती. डाव्यावर टेकवला आणि मी वाट बघत बसलो, कधी सुरू होतेय म्हणून.

रक्तात बी-१२ १६० निघालं, २०० च्या वर पाहिजे. इंजेक्शनं सुरू झाली. मी म्हटलं, सापडलं की मग! तर म्हणाले, बी-१२ ची तक्रार सहसा दोन्ही पायांत सारखी येते, तुमची एकाच बाजूला आहे, तेव्हा मेंदू आणि मानेचा एमआरआय करून घेऊ. तारीख मिळाली बारा दिवसांनंतरची.

हे बारा दिवस, बंड्या, पायापेक्षा वाईट. पहिले चार दिवस मी काय केलं ते तुलाच सांगतो. हिच्या डब्यातली सेफ्टी पिन घेऊन रात्री बाथरूममध्ये बसायचो आणि अंगठ्याला टोचून बघायचो. डावा, उजवा, परत डावा. दहा-दहा वेळा टोचल्यावर कुठला पाय खरं बोलणार? मग मोबाइल. दोन वाजेपर्यंत तीन असाध्य रोग मी स्वतःला लावून घेतलेले असायचे. पाचव्या दिवशी धुणं भिजवताना हिला मोज्यावर रक्ताचे ठिपके दिसले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसत्या सगळ्या पिना गोळा केल्या आणि शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिल्या.

आपले सुपरवायझर आठवतात? जॉब इन्स्पेक्शनला जाण्याआधी कुणी "रिजेक्ट होणार" म्हणालं की काय भडकायचे! आणि एकच जॉब दहादा गेजवर घासला की म्हणायचे, "अरे, गेज झिजवशील." मी पायाचं तेच करत होतो. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, एकदम ताकद गेली, बोलणं अडखळलं किंवा लघवीवरचा ताबा गेला तर तडक या, एमआरआयची वाट बघू नका. बाकी आता दिवसातून एकदाच बघतो, आंघोळीनंतर, आणि कालनिर्णयवर बारीक खूण करतो. चार दिवस खुणा सारख्याच आहेत. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मग पोरीची बारावी, घराचे हप्ते, सगळे रांगेत उभे राहतात.

आता कामाचं. एमआरआयचा फॉर्म भरायला दिला. पेसमेकर आहे का, शरीरात क्लिप, स्क्रू आहेत का, आणि एक प्रश्न : डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? माझा हात थांबला. भोसरी, सेकंड शिफ्ट, मी गॉगल कपाळावर चढवून एमरीच्या चाकावर टूल घासतोय आणि तू रुमालाच्या टोकाने माझ्या डोळ्यातला कण काढतोयस. खरं म्हणजे डॉक्टरकडे जायला हवं होतं, पण तेव्हा अक्कल कुणाला होती? तो पूर्ण निघाला होता का रे? ते मशीन दीड टेस्लाचं, म्हणजे भलतंच ताकदवान चुंबक आहे. आपल्या मॅग्नेटिक चकला, जॉब धरून ठेवायच्या त्या चुंबकाला, निदान बंद करायचा दांडा तरी होता. हे चुंबक रात्रंदिवस चालूच असतं. आत राहिलेला कण हलला तर डोळा जायचा. मी खरं ते लिहिलंय, त्यामुळे आधी डोळ्यांचा एक्स-रे काढणार आहेत. तरी तुला काय आठवतं ते कळव.

आणि जमलं तर बुधवारी रात्रीची एसटी पकड, पहाटे स्वारगेटला उतर. तुझं शिरोलीचं वर्कशॉप एक दिवस पोरं सांभाळतील. ही येणारच आहे, पण ती बाहेर बसून रामरक्षा म्हणेल. मला टवाळी करणारा कुणीतरी पाहिजे. शिवाय घड्याळ, किल्ल्या, पट्टा, पाकीट, सगळं बाहेर काढून ठेवावं लागतं. ते तुझ्या खिशात राहू दे.

वहिनींना काही सांगू नकोस, लगेच हिला फोन करतील.

तुझा,
बापू